अकरा रुपये, दहा आणे, आठ पै

भाचा इंग्लंडात असतो. तिकडच्या एका संग्रहालयात म्हणे दुसऱ्या महायुद्धाच्या काळाचा दिवस साजरा झाला. लोक जुने गणवेश चढवून, रेशनच्या मापाचा चहा पीत हिंडत होते. फोटो पाठवून खाली त्याने लिहिलं, "मामा, आपल्या हिंगोलीत करा की असं काही."

हिंगोलीला वेगळं संग्रहालय कशाला? पलटण, रिसाला, तोफखाना, पेन्शनपुरा हे आमचे मोहल्ले. हैदराबाद कंटिन्जंटची छावणी होती इथे. 1903 साली ते सैन्य इंग्रजांच्या फौजेत सामील झालं. घोडे गेले, तोफा गेल्या, पत्ते राहिले. तोफखान्यात आता धडाका असतो तो वरातीच्या डीजेचा.

तरी भाच्याचा शब्द मोडवेना. कट्ट्यावर विषय काढला, चहा येईपर्यंत समिती तयार. दिवस अर्थातच 17 सप्टेंबर. देश 15 ऑगस्ट 1947 ला मोकळा झाला. आम्ही निजामाच्या राज्यातले, म्हणून तेरा महिन्यांनी, पोलीस ॲक्शनच्या पाचव्या दिवशी, निजामाने रेडिओवरून युद्धबंदी जाहीर केल्यावर. आमच्याकडे सगळंच उशिरा पोचतं. जिल्हा व्हायला तर 1999 उजाडलं.

पहिला ठराव चलनाचा. त्या दिवशी हाली सिक्का चालवायचा. निजामाचे सात रुपये म्हणजे इंग्रजी सहा. मग दहा रुपयांच्या चहाचे हाली किती? गणिताच्या निवृत्त गुरुजींनी बिस्किटाच्या पुठ्ठ्यावर उत्तर काढलं: अकरा रुपये, दहा आणे, आठ पै. चहावाल्याने पुठ्ठा उलटासुलटा करून पाहिला. "मंग गुरुजी, स्कॅनरवर किती टाकायलेत?"

दुसरा ठराव हद्दीचा. पैनगंगेपलीकडे वऱ्हाड, म्हणजे इंग्रजी मुलूख. अलीकडे निजामाचे करोडगिरी नाके, जकात वसूल करणारे. तसा एक नाका फाटकात उभारायचा ठरताच नाकेदार व्हायला अख्खी समिती तयार, तीही बिनपगारी. रझाकार व्हायला मात्र कुणी पुढे येईना. शाळेच्या नाटकातही ही भूमिका तालमीच्या पहिल्या दिवशी दांडी मारणाऱ्या पोराच्या गळ्यात पडते. जेवणाला ज्वारीची भाकरी आणि तेल-तिखट ठेवू म्हटलं, तर खजिनदार उखडले, "हे मी रोज घरी खातो. याला तिकीट कोण काढील?"

खरी पंचाईत झाली ती प्रदर्शनाची. निजामाच्या काळातले उर्दू कागद पूर्वी कुणाच्याही माळ्यावर सापडायचे. 2023 मध्ये मराठा आरक्षणासाठी कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली गेली आणि त्या कागदांना सोन्याचा भाव आला. निजामाला घालवायला आजोबांनी जिवाचं रान केलं. नातू निजामाच्या शिक्क्याचा कागद देव्हाऱ्यात ठेवून त्याला उदबत्ती दाखवतोय. प्रदर्शनाला मागितला तर म्हणाला, झेरॉक्स देतो.

राहता राहिली प्रमुख पाहुणी. ती आमची थोरली आत्या. नव्वदीच्या घरातली. सगळ्या तारखा ती रझाकारीपासून मोजते. अमक्याचं लग्न रझाकारीच्या आधी, तमक्याचं रझाकारीनंतर. रात्रीच्या अंधारात, कडेवर धाकटा भाऊ आणि डोक्यावर पिठाचं गाठोडं घेऊन ती पैनगंगा उतरून वऱ्हाडात गेली होती. भाऊ कोरडा राहिला, पीठ भिजलं. मग तेच पीठ पलीकडे उन्हात वाळवून खाल्लं, त्याची आंबूस चव ती आजही तोंड वाकडं करून सांगते.

समितीने तिला योजना समजावली. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतली.

"आम्ही जीव मुठीत धरून नदी उतरलो, अन् तुम्ही त्याला तिकीट लावायलेत?"

सगळे गप्प. आत्याने सुपारीचं खांड गालात सरकवलं.

"किती लावलं?"

कार्यक्रम बारगळला. 17 सप्टेंबरला नेहमीसारखं झेंडावंदन झालं, नाकेदार मंडळी जिलेबी खाऊन घरी गेली. तुमच्या घरी निजामाचा कागद असेल तर जपाच. पण रझाकारी पाहिलेलं माणूस असेल, तर आधी मोबाइलवर त्यांचं बोलणं भरून घ्या. आमच्या आत्याकडे यायचं झालं तर चारनंतर या. त्याआधी ती झोपलेली असते, आणि उठवलेलं तिला खपत नाही.