कॉमिक-कॉनला जाण्याचा शास्त्रोक्त विधी

सर्वप्रथम मनाशी एक पक्के करावे: कॉमिक ही वाचायची वस्तू नाही. वाचायला घरात पोरेटोरे असतात. संग्राहकाने ते मिळवायचे, तपासायचे, पिशवीत घालायचे आणि कोणी हात लावला की ओरडायचे. ही चार कर्तव्ये ज्याला झेपतील त्यानेच पुढे जावे. बाकीच्यांनी खुशाल आपली कॉमिक्स वाचावीत.

कॉमिक-कॉन ही या पंथाची जत्रा. १९७० साली सॅन डिएगोतल्या एका हॉटेलात काही शौकिनांनी ती सुरू केली. आपल्याकडे २०११ मध्ये दिल्लीत आली आणि त्याच वर्षी मुंबईतही पोहोचली. नाव कॉमिकचे असले, तरी सभागृहात शिरताच कॉमिक दिसेल अशी अपेक्षा ठेवू नये. आधी टी-शर्ट, मग कॉफीचे मग, मग बाहुले, मग व्हिडिओ गेमची रांग, मग ती रांग कशाची आहे हे विचारणाऱ्यांची रांग. हे सगळे ओलांडले की एखाद्या कोपऱ्यात, बहुधा स्वच्छतागृहाच्या वाटेवर, जुन्या अंकांचे टेबल लागते. तिथे आपल्यासारखीच चार माणसे एकमेकांकडे संशयाने बघत उभी असतात.

पूर्वतयारी

आपल्याकडे नसलेल्या अंकांची यादी कागदावर करावी. मोबाईलवर विसंबू नये. गर्दीत रेंज जाते. यादी करताना थोडा इतिहास ठाऊक असलेला बरा. ‘अमर चित्र कथा’तला ‘कृष्ण’ हा पहिला पौराणिक अंक, पण त्याचा क्रमांक ११. अनंत पै यांनी १९६७ साली सुरू केलेल्या या मालिकेचे आधीचे दहा अंक परदेशी परीकथांचे होते. हे माहीत नसलेला नवशिका कृष्णाच्या आधीचे दहा अवतार शोधत फिरतो. विक्रेते त्याला लांबून ओळखतात, बसायला खुर्ची देतात. खुर्ची मिळाली की समजावे, भाव वाढला.

‘इंद्रजाल कॉमिक्स’वाल्यांनी अधिक सावध राहावे. १९६४ ते १९९० या काळात आठशेच्या वर अंक निघाले, आणि मराठीत फँटमचा वेताळ झाला. ‘वेताळ मराठीत आहे का?’ हा प्रश्न विचारताना आवाज कापता कामा नये. घरी दोनदा सराव करून जावे.

पाठीवर सॅक घेऊ नये. वळताना मागच्याचा अंक चुरगळतो आणि वैर जन्मभराचे होते. पात्रांची सोंगे घेऊन आलेल्या, पुठ्ठ्याचे पंख लावलेल्या आणि तलवारी घेतलेल्या मंडळींपासून हातभर अंतर ठेवावे. त्यांचा फोटो काढायचा तर आधी विचारावे. रामपुरी दाखवणारा खलनायकदेखील विचारले की छान पोझ देतो. वडापाव मात्र खरेदी आटोपल्यावरच खावा. मुखपृष्ठावरचा तेलाचा डाग सहजासहजी निघत नाही.

प्रतवारी

अंकाची अवस्था दहापैकी गुण देऊन ठरवतात. या शास्त्रात ‘गुड’ म्हणजे दोन गुण. ‘फाइन’ म्हणजे सहा. तेव्हा विक्रेता ‘साहेब, गुड कंडिशन’ म्हणाला, तर तो खोटे बोलत नसतो.

अंक हाती आला की चेहरा कोरा ठेवून पुढील गोष्टी बघाव्यात. पाठीला घड्या आहेत का. पिनांना गंज चढला आहे का (मुंबईच्या हवेत चढलेला असतोच). कसरीने किती खाल्ले आहे. मधली पाने शाबूत आहेत का. शब्दकोडे कोणी सोडवले आहे का, आणि पहिल्या पानावर बॉलपेनने ‘इयत्ता चौथी ब’ असे लिहिले आहे का. लिहिले असेल तर गुण कापावेत. ज्याने लिहिले त्याने अंक नक्की वाचलेला असतो, आणि हा दोष अक्षम्य आहे.

परिपूर्णतेची ओढ असलेल्यांसाठी अमेरिकेत २००० सालापासून सीजीसी ही कंपनी आहे. ती अंक तपासते, गुण देते आणि पारदर्शक प्लास्टिकच्या कडक पेटीत कायमचा बंद करते. पेटी उघडली की ते गुण रद्द. संग्राहकाच्या दृष्टीने ही मोक्षावस्था होय: मालक आहे, वस्तू आहे, आणि मध्ये वाचनाचा धोका उरलेला नाही.

सही

चित्रकाराची सही घ्यायची तर साक्षीदार हवा. सीजीसीच्या लेखी अनेक वर्षे त्यांच्या माणसासमोर केलेली सही तेवढी सही होती. आपल्यासमोर, आपल्या पेनाने, आपल्याशी गप्पा मारत केलेली सही म्हणजे मुखपृष्ठावर कोणीतरी गिरवलेले. विशेष विवाह कायद्याला तीन साक्षीदार लागतात, इथे एकात भागते, याबद्दल समाधान मानावे.

भावताव

हवा असलेला अंक कधीही आधी उचलू नये. शेजारच्या अंकाची किंमत विचारावी, मान हलवावी, दोन पावले जावे, परत यावे आणि सहज दिसल्यासारखे करून ‘आणि हे?’ म्हणावे. विक्रेता हे नाटक रोज बघत असतो, तरी ते करावे. दोघांनाही बरे वाटते. घाई नसेल तर रविवारी संध्याकाळपर्यंत थांबावे. खोकी परत उचलून न्यायच्या कल्पनेने विक्रेत्याचे मन मऊ होते. मात्र तोपर्यंत तो अंक दुसऱ्याने नेलेला असतो, आणि त्यालाच बाजारपेठ म्हणतात.

हयात चित्रकारांशी कसे वागावे

सभागृहात तरुण चित्रकार स्वतः छापलेली नवी कॉमिक्स घेऊन बसलेले दिसतील. त्यांच्या टेबलापाशी थांबून ‘अमर चित्र कथा’चे चित्रकार प्रताप मुळीक यांच्या रेषेबद्दल दहा मिनिटे बोलावे, ‘आता तसे कोणी राहिले नाही’ म्हणावे, दोनशे रुपयांच्या अंकावर पन्नास कमी करायला सांगावे आणि न घेता पुढे जावे. परंपरा हीच आहे. १९८४ च्या मे महिन्यात न्यू हॅम्पशायरमधल्या एका छोट्या संमेलनात ईस्टमन आणि लेअर्ड या दोन पोरांनी दीड डॉलरला एक कृष्णधवल कॉमिक मांडले होते. पहिली आवृत्ती साधारण तीन हजार प्रतींची. चार कासवे, हातात शस्त्रे, नाव ‘टीनएज म्युटंट निंजा टर्टल्स’. त्या दिवशी तिथून मान हलवून पुढे गेलेल्या जाणकारांची मुले आज तोच अंक लाखोंना शोधताहेत.

अर्थशास्त्र

हा भाग पाठ करावा. सुपरमॅनचा जन्म झाला तो ‘ॲक्शन कॉमिक्स’चा पहिला अंक १९३८ साली दहा सेंटला मिळे. २०१४ मध्ये त्याची एक प्रत बत्तीस लाख डॉलरना गेली. कारण? मुलांनी तो वाचून फाडला, आयांनी साफसफाईत काढला, आणि महायुद्धात उरलेसुरले कागद रद्दीत जमा झाले. याउलट १९९१ चा ‘एक्स-मेन’चा पहिला अंक. त्याच्या ८१ लाख प्रती खपल्या. मुखपृष्ठे पाच, म्हणून लोकांनी पाचही घेतली, पिशवीत घातली, मुलांच्या कॉलेजची सोय झाली म्हणून निवांत झोपले. आज तो चहा-बिस्किटांच्या भावात मिळतो, आणि अगदी कोराकरकरीत मिळतो. सगळ्यांनी जपले की कोणाचेच जपलेले राहत नाही.

यावरून सिद्ध होते की या धंद्यातली खरी संपत्ती संग्राहकाने निर्माण केलेली नाही. ती निर्माण केली हातावर थुंकी लावून पाने उलटणाऱ्या पोरांनी, परीक्षा जवळ आली म्हणून गठ्ठा बांधणाऱ्या आयांनी आणि तराजू घेऊन दारात आलेल्या रद्दीवाल्याने. आपण फक्त मागाहून येऊन भाव विचारतो.

म्हणून शेवटची सूचना. प्रत्येक अंकाच्या दोन प्रती घ्याव्यात. एक पिशवीत घालून, मागे पुठ्ठा लावून, कपाटात कोरड्या जागी ठेवावी. दुसरी घरातल्या सहा-सात वर्षांच्या भाच्याच्या हाती द्यावी, शक्यतो आमरसाच्या पंगतीत. हात धुवायला सांगू नये. महिनाभरात तो ती फाडील, जगातली एक प्रत कमी होईल आणि आपल्या प्रतीचा भाव तेवढा वधारेल. दरम्यान तो मागे लागून आपल्याला त्यातली गोष्टही सांगेल. ती नीट ऐकून घ्यावी. आपल्याला कळायचा दुसरा मार्ग नाही.