तव्यावरचं विमान

सासुरवाडीला जाताना जावयानं काय न्यावं याचे काही संकेत आहेत. पेढे चालतात, सासूबाईंना साडी चालते, सासऱ्यांना मफलरही चालून जातो. गेल्या मे महिन्यात मी गुहागरला विमानं ऐकायचं यंत्र नेलं.

ऐकायचं म्हणजे घरघर नव्हे. आजकालचं बहुतेक प्रवासी विमान आपली ओळख, उंची, वेग आणि ठिकाण १०९० मेगाहर्ट्झवर सारखं सांगत चाललेलं असतं. ठिकाण तर सेकंदाला साधारण दोनदा. लग्नाच्या हॉलमध्ये फोनवर ओरडणारे काका असतात ना, ‘मी इथं, आइस्क्रीमच्या काउंटरजवळ!’, तसं. फरक एवढाच की विमानाला कुणी विचारलेलं नसतं. या प्रकाराला एडीएस-बी म्हणतात, आणि त्यात गुपित काही नाही. मोबाइलवरची विमानं दाखवणारी अ‍ॅपंदेखील बरीचशी हौशी मंडळींनी आपापल्या गच्चीवर लावलेल्या रिसीव्हरांच्या जिवावर चालतात.

मी राहतो घाटकोपरला. उतरणारी विमानं डोक्यावरून इतकी खालून जातात की कुकरच्या शिट्ट्या मोजताना हमखास एक चुकते. हे कोण गेलं, कुठून आलं, हे अ‍ॅपवर बघायचं मला व्यसन लागलं. पण सासुरवाडीला मोबाइलची रेंज येते ती फक्त फणसाखालच्या गडग्यावर, तीही एकच काडी. तेव्हा प्रवासात नेण्याजोगा स्वतःचा रिसीव्हर हवा, असं मी ठरवलं. मुलीसाठी स्थळ बघायला लागला नसता एवढा वेळ मग मला लागला.

पहिलं स्थळ तोलामोलाचं होतं. छोट्या विमानांच्या पायलटांसाठी बनवलेली, टॅब्लेटला वायफायनं जोडायची देखणी डबी. पण किंमत ऐकून घाम फुटला. वर तिचा एक कान १०९० ला आणि दुसरा ९७८ मेगाहर्ट्झला. हे ९७८ चं प्रकरण फक्त अमेरिकेत चालतं. म्हणजे गुहागरात तो कान जन्मभर बहिरा, आणि पैसे मात्र दोन्ही कानांचे.

दुसरं स्थळ घरंदाज, पण गोतावळा मोठा. रास्पबेरी पाय नावाचा चिमुकला संगणक, त्याला रिसीव्हर, अँटेना, पॉवर बँक आणि सगळ्यांच्या वायरी. मी हे पलंगावर मांडलं तेव्हा सौ. दारात उभी राहिली.

“अहो, आपण आईकडे चाललोय की विमानतळ चालवायला?”

पॉवर बँक तेवढी बॅगेत राहिली.

तिसरं स्थळ म्हणजे पेनड्राइव्हएवढा डोंगल. मुळात युरोपात डिजिटल टीव्ही बघण्यासाठी बनलेला. त्याच्या चिपकडून कच्चे रेडिओ संकेत काढून घेता येतात हे २०१२ च्या सुमाराला सर्वांना कळलं, आणि गरिबाघरी विमानं आली. हा फोनला ओटीजी केबलनं जोडता येतो. तासाभरात इस्त्रीसारखा तापतो आणि फोनची बॅटरी पितो, पण खिशात मावतो. आता त्यात अँप्लिफायर असलेला घ्यावा की नसलेला, यावर मी आठवडाभर जेवताना बोलत नव्हतो. शहरात मोबाइलच्या टॉवरांचा ९०० च्या आसपासचा गोंगाट असतो. तोही वाढवून घेतला तर रिसीव्हर पार बधिर होतो. अशा वेळी मधे फिल्टर लागतो. शेवटी फिल्टरवाला घेतला.

खरी अडचण अंगणात आली. अँटेना दिसायला मामुली, पावणेसात-सात सेंटिमीटरची काडी, म्हणजे या लहरीच्या लांबीचा चौथा हिस्सा. पण तिच्या बुडाशी धातूचा पत्रा लागतो. बुडाला लोहचुंबक होतंच. मी स्टीलचं ताट घेतलं, चिकटेना. परात, नाही. डब्याचं झाकण, नाही. सासूबाईंचं स्टील चांगल्यापैकी होतं, चुंबकाला दाद देणारं नव्हतं. मग चुलीमागे बिडाचा तवा दिसला. खट्कन चिकटला! त्यावर तेलाची काळी साय होती, तेवढी विहिरीवर नेऊन साबणचुऱ्यानं खसाखसा घासली. कनेक्शन उत्तम हवं.

तवा पडवीच्या कठड्यावर ठेवला मात्र, पडद्यावर रांग लागली. समोर उघडा समुद्र. पस्तीस हजार फुटांवरचं विमान मधे डोंगर नसला तर चारशे किलोमीटरवरूनही ऐकू येतं. मुंबईहून गोव्याला, कोचीला निघालेली, आखाताकडून येणारी, सगळी माझ्या तव्यावर.

बातमी गडग्यापलीकडे गेली. दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता शेजारच्या चाची आल्या. त्यांचा मुलगा मस्कतहून मुंबईला यायचा होता.

“पोरगा दिसतो का रे त्यात?”

“पोरगा नाही चाची, विमान दिसतं.”

“तेच रे. तो विमानातच आहे.”

सांकेतिक आकडा ७०सी नं सुरू झाला की विमान ओमानमध्ये नोंदवलेलं. तसं एक सापडलं, फ्लाइट नंबरही जुळला. चाची पाटावर बसल्या. मी उंची वाचत होतो: तीस हजार, बावीस, चौदा, नऊ. सहा हजारांच्या आसपास ओळ पडद्यावरून नाहीशी झाली.

“कुठं गेलं?” चाचींनी माझा दंड धरला.

मी पृथ्वी गोल असल्याचं सांगू लागलो. दूरचं विमान खाली उतरलं की क्षितिजाआड जातं, गुहागरहून मुंबईचं तर जाणारच. चाचींचा पृथ्वीवर विश्वास दिसला नाही. त्या गडग्यावर चढून फोन वर धरून उभ्या राहिल्या. वीसेक मिनिटांनी फोन वाजला. पोरगा पासपोर्टच्या रांगेत उभा होता आणि त्याला भूक लागली होती.

“बरं झालं,” सासूबाई म्हणाल्या, “आता तो तवा द्या, घावनं घालायची आहेत.”

मी अँटेना उपटून तवा दिला. त्यांनी तो उजेडात धरला. एकदा उलटा केला, पुन्हा सुलटा केला.

“जावईबापू, तवा घासलात?”

“स्वच्छ!” मी म्हणालो.

तो त्यांच्या सासूबाईंचा तवा होता. चाळीस वर्षांत त्याला साबण लागला नव्हता. पहिलं घावन तव्याला असं बसलं की उलथन्यानं निघेना, दुसऱ्याच्या चिंध्या झाल्या, तिसरं करपलं. सासूबाई एक शब्द बोलल्या नाहीत. तिन्ही माझ्या ताटात वाढली.