नागपूरपेक्षा लहान देश आणि मध्यरात्रीची सुट्टी

"काकू, कढीपत्ता मागाहून तोडा हो, आधी इकडे कुंपणापाशी या. आमचा भाचा रिगाला डॉक्टरकी शिकायला गेलाय ना, त्याला तिथल्या हॉकीनं पार झपाटलंय. फोन लावला की अभ्यास राहतो बाजूला, तासभर नुसती बर्फावरची हॉकी."

"रिगा म्हणजे रशियातच ना गं?"

"हळू बोला! तिथं कुणासमोर असं म्हणालात तर चहासुद्धा विचारणार नाहीत. लात्व्हियाची राजधानी ती. अख्ख्या देशात माणसं जेमतेम 19 लाख. 2011 च्या जनगणनेत एकट्या नागपुरात 24 लाख निघाली होती, म्हणजे बघा. आणि एवढ्याशा लोकांनी 2023 साली जागतिक स्पर्धेत अमेरिकेला हरवून ब्राँझ पटकावलं. पुढचं ऐका. त्या रात्री त्यांची संसद मध्यरात्रीच्या सुमाराला भरली आणि दुसऱ्या दिवशीची, सोमवारची, देशभर सुट्टी जाहीर करून मोकळी झाली!"

"इश्श! हॉकीसाठी? आणि कचेऱ्या, दवाखाने, कुणाकुणाची ठरलेली कामं?"

"कुरकुरले ना धंदेवाले. रात्री झोपायच्या वेळेला सकाळची सुट्टी कळल्यावर कुरकुरतील नाहीतर काय? पण ऐकतो कोण!"

"पण मी म्हणते, तिसऱ्या नंबराचं एवढं काय कौतुक?"

"तेच मी भाच्याला विचारलं, तर त्यानं थेट 1936 पासून सुरुवात केली. त्या वर्षी हे जर्मनीत हिवाळी ऑलिंपिकला गेले आणि कॅनडानं त्यांना 11-0 नं झोडपलं. ऑस्ट्रिया, पोलंड, सगळ्यांकडून मार खाऊन परत. पुढं 1940 मध्ये सोव्हिएत सैन्य घुसलं नि देशच नकाशावरून गेला. संघ कुठला उरतोय! पोरं मात्र खेळतच राहिली, फक्त अंगावरचा शर्ट दुसऱ्याचा. बाल्देरिस म्हणून एक होता, हेल्मुट्स बाल्देरिस. रिगाच्या दिनामो क्लबात मोठा झालेला, फार चपळ. त्या क्लबाचा प्रशिक्षक तिखोनोव्ह 1977 ला मॉस्कोला गेला आणि सोव्हिएत संघाचा सर्वेसर्वा झाला. बाल्देरिसलाही मॉस्को गाठावी लागली. जगज्जेतेपदं मिळवली त्यानं, पण नाव कुणाचं? सोव्हिएत युनियनचं. गंमत म्हणजे 1989 मध्ये, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगनं त्याची निवड केली. त्या निवडीतला सगळ्यांत वयस्कर खेळाडू तो."

"छत्तिसाव्या वर्षी आमचे हे जिना चढताना धापा टाकत होते."

"भाऊजींचं राहू द्या. माझा खरा जीव जडलाय तो इर्बेवर. आर्तूर्स इर्बे, गोलकीपर. लहानखुरा माणूस, पायांवरचे जुनेपाने पॅड स्वतःच शिवून-सांधून वर्षानुवर्षं वापरायचा. दोनदा सोव्हिएत संघातून जगज्जेता झाला, पण लात्व्हियानं स्वातंत्र्याची हाक दिल्यावर यानं सोव्हिएत शर्ट घालायला साफ नकार दिला. जानेवारी 1991 मध्ये रिगात लोकांनी रस्ते अडवून पहारे दिले, त्यातही हा उभा. मग अमेरिकेत जाऊन नाव काढलं. आणि नशीब बघा, 1994 च्या उन्हाळ्यात घरच्याच कुत्र्यानं हाताचे लचके तोडले! गोलकीपरचा हात हो!"

"अगं बाई! म्हणून मी म्हणते, ह्या समोरच्यांच्या कुत्र्याला..."

"नंतर बोलू त्यावर, ऐकतील ते. तर देश स्वतंत्र झाला, पण हॉकीत काय झालं? घराची वाटणी झाली की माडी थोरला घेतो, धाकट्याच्या वाट्याला पडवी, तसं. सोव्हिएत संघाची वरच्या गटातली जागा रशियानं घेतली आणि ह्यांना सांगितलं, खालून सुरुवात करा. 1993 ला तिसऱ्या पायरीवरून चढायला लागले, 1997 ला पहिल्या गटात. आणि 2000 साली जागतिक स्पर्धा होती सेंट पीटर्सबर्गला. रशियाच्याच घरी, त्यांच्याच प्रेक्षकांसमोर, लात्व्हियानं रशियाला 3-2 नं हरवलं. गोलमध्ये कोण? इर्बे! यजमान रशिया त्या स्पर्धेत अकराव्या नंबरावर गेला."

"बरं झालं. मेली माडी!"

"पण कॅनडाचा हिशेब राहिला होता ना. 2014 ला सोची ऑलिंपिकमध्ये उपउपांत्य फेरीत पुन्हा गाठ पडली. लात्व्हियाच्या गोलमध्ये एकवीस वर्षांचं पोरगं, गुद्लेव्स्किस. कॅनडानं गोलवर 57 फटके मारले, त्यानं 55 अडवले. पंचावन्न, काकू! तिसरा डाव निम्म्यावर आला तरी 1-1. मग जाऊन कुठं कॅनडाला दुसरा गोल मिळाला आणि 2-1 नं सुटले. पुढं सुवर्णपदकही त्यांनीच नेलं, पण घाम ह्या पोरानं फोडला."

"मग हिशेब चुकता झाला की नाही?"

"झाला ना, 2021 ला. स्पर्धा रिगातच, पण कोरोनामुळं प्रेक्षकांना बंदी. त्या रिकाम्या मैदानात कॅनडा 2-0 नं हरला. जागतिक स्पर्धेत कॅनडाला त्यांनी पहिल्यांदाच हरवलं, आणि बघायला आपलं माणूस एक नाही! गोलमध्ये किव्हलेनिएक्स होता, 38 फटके अडवले त्यानं. आणि काकू, दीड महिन्यातच, 4 जुलैला, अमेरिकेत फटाक्यांच्या अपघातात गेला तो. चोवीस वर्षांचा होता."

"अरेरे. आईचं काय झालं असेल गं."

"हो ना. म्हणून 2023 चं ब्राँझ नुसतं तिसऱ्या नंबराचं नाही. स्पर्धेच्या पहिल्याच सामन्यात कॅनडानं 6-0 नं धुतलं होतं. लोक म्हणाले, झालं, संपलं. तिथून सावरून घरच्या मैदानावर स्वीडनला घालवलं. उपांत्य फेरीत परत कॅनडा आडवा आला, तिथं हरले. ब्राँझसाठी समोर अमेरिका. सहाएक मिनिटं उरली असताना रुबिन्सनं बरोबरी केली आणि जादा वेळेत विजयाचा गोलही त्यानंच मारला. तोही बचावपटू, गोल मारणं त्याचं रोजचं काम नव्हे. शिलोव्स नावाचा गोलकीपर स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू ठरला. दुसऱ्या दिवशी संघाला घेऊन येणारं विमान वैमानिकानं मुद्दाम खालून, स्वातंत्र्य स्मारकावरून आणलं. खाली हीऽऽ गर्दी!"

"तीही सुट्टीची. आता कळलं संसदेला झोप का नव्हती."

"ती सुट्टी देऊन चूक केली म्हणाल का सांगा."

"नाही म्हणणार बाई. पण एवढासा देश, एखाद्या वर्षी परत खाली घसरायचा."

"कुठला! 1997 ला पहिल्या गटात चढले, तेव्हापासून एकदाही खाली उतरलेले नाहीत."