हॉकीग्रस्त सुभेदार (निवृत्त)

पुण्यातील खडकीच्या छावणीत, जेथे बॉम्बे सॅपर्स या नावाने ओळखल्या जाणाऱ्या लष्करी अभियंत्यांचे केंद्र आणि दारूगोळ्याचा जुना कारखाना जवळजवळ नांदतात, तेथे निवृत्त सैनिकांचा एक विशिष्ट प्रकार दीर्घकाळ आढळत आला असून समाजशास्त्राने त्याची पुरेशी दखल घेतलेली दिसत नाही. हा गृहस्थ सुभेदार या हुद्द्यावरून, म्हणजे जवान आणि कमिशनप्राप्त अधिकारी यांच्यामधल्या, दोन्ही बाजूंची बोलणी ज्या पायरीवर येऊन थांबतात त्या पायरीवरून, पेन्शनीत निघालेला असतो. मैदानावरची मुले त्याला ‘साब’ म्हणतात, पत्नी ‘अहो’ म्हणते, आणि पेन्शनचे खाते असलेल्या बँकेतील कारकून नोव्हेंबर महिन्यात त्याला काहीच म्हणत नाही, कारण हयातीचा दाखला हाती पडेपर्यंत समोरचा मनुष्य जिवंत आहे की कसे, याविषयी मत बनवण्याचा अधिकार त्या कारकुनाला नसतो.

या वर्गाचे व्यवच्छेदक लक्षण म्हणजे हॉकी. खडकीत क्रिकेट खेळले जात नाही असे नाही, परंतु धनराज पिल्ले यांचा जन्म १९६८ साली याच वस्तीत झाला आणि मोडक्या स्टिका बांधून-सांधून खेळत ते चार ऑलिंपिकांपर्यंत पोचले, एवढे सांगितल्यावर क्रिकेटविषयी बोलण्यासारखे काही उरते, असे सुभेदाराला वाटत नाही. फौजेचे आणि या खेळाचे नाते तर त्याला घराण्याच्या वंशावळीसारखे तोंडपाठ असते. ध्यानचंद १९२२ साली साधे शिपाई म्हणून भरती झाले, १९२८, १९३२ आणि १९३६ अशा तीन ऑलिंपिकांत त्यांनी सुवर्णपदक मिळवले आणि पुढे मेजर होऊन ते निवृत्त झाले. यातील पदकांपेक्षा शिपायाचा मेजर होणे हेच सुभेदाराला अधिक अद्भुत वाटते, कारण गोल करणे किती अवघड असते याचा त्याला नुसता अंदाज असतो, बढतीचा मात्र अनुभव असतो. हॉकी हा भारताचा राष्ट्रीय खेळ आहे, ही त्याची श्रद्धा. माहितीच्या अधिकाराखाली आलेल्या एका अर्जाला उत्तर देताना सरकारने २०१२ साली असा कोणताही खेळ अधिकृतपणे घोषित केलेला नसल्याचे कळवले, हे त्याला पुनःपुन्हा दाखवण्यात आले आहे. परंतु योग्य मार्गाने न आलेला हुकूम आपल्या युनिटला लागू होत नाही, या भूमिकेवरून तो ढळलेला नाही.

त्याच्या बहुतेक तक्रारींचा उगम १९७६ या सालात सापडतो. आदल्या वर्षीच क्वालालंपूरला पाकिस्तानवर २-१ अशी मात करून विश्वचषक जिंकलेला भारत माँट्रियल ऑलिंपिकमध्ये सातवा आला, आणि ऑलिंपिकमधील हॉकी प्रथमच ॲस्ट्रोटर्फवर, म्हणजे कृत्रिम धाग्यांनी बनवलेल्या सपाट पृष्ठभागावर, खेळली गेली ती याच स्पर्धेत. गवतावर चेंडू उसळतो आणि अडखळतो, म्हणून तो स्टिकला चिकटवून नेणाऱ्या मनगटाला किंमत होती. टर्फवर तो सरळ आणि वेगात पळतो, म्हणून फुप्फुसाला आणि पैशाला किंमत आली, ही त्याची मांडणी अभ्यासकांच्या मांडणीहून फारशी निराळी नसून केवळ शिव्यांचे प्रमाण तीत अधिक आहे. पुढे असे टर्फ निघाले की जे सामन्यापूर्वी पाण्याने भिजवावे लागते, तेव्हा ज्या चाळीत टँकर आल्यावर कळशा घेऊन धावावे लागते तेथील पोराने हा खेळ खेळू नये म्हणूनच ही योजना कोणा गोऱ्याने आखली असावी, असा निष्कर्ष त्याने काढला. निष्कर्षाचा पूर्वार्ध अगदीच टाकाऊ म्हणता येणार नाही.

एवढ्यावरून हा मनुष्य निव्वळ कुरकुऱ्या ठरतो, आणि तसा तो ठरावा म्हणून तो स्वतःही पराकाष्ठा करतो. वस्तुतः त्याचा दयाळूपणा तक्रारीच्या आडोशानेच वावरत असतो, कारण उघड्यावर यायची त्याला लाज वाटते. गोलरक्षकाला पायाचे पॅड, बुटांवर चढवायचे किकर, हेल्मेट आणि छातीचे चिलखत इतके साहित्य लागते, आणि त्याचा खर्च ऐकूनच गरिबाघरचा मुलगा आपल्याला फॉरवर्डला खेळायला आवडते असे सांगू लागतो. अशा मुलाला सुभेदार प्रथम केस कापण्यावरून झापतो, मग दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला बोलावतो, आणि आलेल्या मुलाला पॅड देतो. देतो म्हणजे ‘इश्यू’ करतो. इश्यू ही लष्करी भांडारातील पद्धत असून तीत वस्तूची मालकी सरकारकडेच राहते आणि जवानाला ती सहीनिशी वापरायला मिळते. येथे सरकार म्हणजे सुभेदाराचे पेन्शन, हे त्या मुलाला सांगितले जात नाही. नोंदीसाठी आखलेले रजिस्टर असते, त्यात अनुक्रमांक, वस्तू, तारीख, सही आणि शेरा असे रकाने असतात, आणि ज्याला सही येत नाही त्याला ती आधी गिरवायला लावली जाते. एखाद्या मुलाच्या बापाने स्टिक विकून दारू प्याल्याचे कानावर आले, तर शेऱ्याच्या रकान्यात ‘वापरातील झीज’ असे लिहून त्याच मुलाला दुसरी स्टिक इश्यू होते. सुभेदारीणबाईंना या हिशेबाची पूर्ण कल्पना असते, “अहो, किराणा या महिन्यात आणायचा आहे ना?” एवढ्या एका प्रश्नात त्या वार्षिक लेखापरीक्षण उरकतात.

प्रकृतीच्या बाबतीत हा वर्ग स्वतःला आजन्म ‘शेप-वन’ समजतो. शेप ही लष्करातील, प्रत्येक बाबीला एक अक्षर देणारी वैद्यकीय वर्गवारी असून मन, श्रवण, हातपाय, शारीरिक क्षमता आणि दृष्टी या पाचही बाबतींत निर्दोष असणाऱ्याला ‘वन’ ही श्रेणी मिळते. हृदयाला स्वतंत्र अक्षर नाही, या गोष्टीचा सुभेदार सोयीस्कर अर्थ लावतो. घरच्यांचे मत वेगळे. पेनल्टी कॉर्नर म्हणजे गोलरेषेमागे गोलरक्षकासह पाचच बचावपटू उभे करून आक्रमक संघाला दिलेली संधी, आणि ती भारताविरुद्ध मिळाली की हा मनुष्य दूरचित्रवाणी संचासमोर सावधान पवित्र्यात उभा राहून श्वास रोखतो. १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेच्या अंतिम सामन्यातील पाकिस्तानकडून १-७ हा पराभव, २००० साली सिडनीत पोलंडने अखेरच्या मिनिटांत साधलेली बरोबरी, २००८ मध्ये चिलीत ब्रिटनकडून हरून प्रथमच हुकलेले ऑलिंपिक, आणि २०२१ मध्ये टोकियोत ५-४ अशी आघाडी असताना अखेरच्या सेकंदांत जर्मनीला मिळालेला तो पेनल्टी कॉर्नर, हे सर्व त्याने उभ्याने सोसलेले असते. त्यामुळे जिभेखाली ठेवायच्या गोळ्या, शेजाऱ्याची गाडी आणि मुलाची रजा या तिन्हींची जुळवाजुळव घरात सामन्यांच्या वेळापत्रकानुसार होत असते.

आणि तो जातो ते नेमके जगात कोठेही हॉकीचा सामना नसलेल्या दिवशी, बहुधा मंगळवारी, दाढी करून झाल्यावर. जन्मभर ठरल्या वेळेच्या पाच मिनिटे आधी हजर राहिलेल्या मनुष्याने एवढ्या आधी जावे हे कोणालाच पटत नाही. कपाटात मात्र ‘माझ्यानंतर’ असे लिहिलेली फाइल असते आणि तीत प्रत्येक कागद तीन प्रतींत लावलेला असतो. शोकसभेत दोन मिनिटे शांतता पाळण्याचे ठरते, पण ऑफसाइडचा नियम काढून टाकल्याने खेळ सुधारला की बिघडला, या वादावर कोणी तरी दीड मिनिटातच तोंड उघडते. दरवर्षी तो जिवंत असल्याचा कागद मागणारी बँक आता तो नसल्याचा कागद मागते.

तेराव्यानंतरच्या सकाळी सहा वाजता मुले स्टिका आणि पॅड घेऊन दाराशी रांगेत उभी राहतात, कारण युनिट सोडताना इश्यू झालेली वस्तू जमा करायची असते, हे त्यांना त्यानेच शिकवलेले असते. युनिट नक्की कोणी सोडले, याविषयी मात्र त्यांचा थोडा गोंधळ झालेला असतो. सुभेदारीणबाई रजिस्टर काढतात, आलेले सारे साहित्य त्याच मुलांच्या नावांवर पुन्हा चढवतात, केस न कापलेल्या एकाला झापतात, आणि शेऱ्याच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत ‘वापरातील झीज’ असे आगाऊच लिहून टाकतात, जे लष्करी हिशेबाच्या कोणत्याही नियमात बसत नाही.