धबधबा दाखवण्याची शास्त्रोक्त पद्धत

कॅरिबियन बेटांवर धबधबा दाखवणे हा रीतसर धंदा आहे. जमैकात ओचो रिओसजवळ डन्स रिव्हर नावाचा पायऱ्यापायऱ्यांनी उतरणारा धबधबा आहे. तिथे पाहुण्यांचे हात एकमेकांच्या हातात देऊन साखळी करतात, पुढे गाइड चालतो आणि ही वरात वाहत्या पाण्यातून वर चढते. डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये दामाहाग्वाला तर धबधबे सत्तावीस. हेल्मेट आणि लाइफ जॅकेट चढवल्याशिवाय तिथे कोणाला पाण्यात सोडत नाहीत. सकाळी जहाजातून उतरायचे, दिवसभर डुंबायचे, दिवस मावळायच्या आत पुन्हा जहाजावर.

मग बीड जिल्ह्याने कोणाचे घोडे मारले आहे? आपल्याकडे सौताडा आहे, कपिलधार आहे, बिंदुसरेची चादर आहे आणि डुंबायला शिवारोशिवारी विहिरी आहेत. कमी आहे ती प्रशिक्षित गाइडची. (पाण्याचीही कमी असते, पण गाइड तयार झाल्यावर त्याचे बघता येईल.) पोलीस भरतीची वयोमर्यादा ओलांडलेल्या आणि स्पर्धा परीक्षेची पुस्तके धाकट्या भावाला देऊन टाकलेल्या होतकरू तरुणांसाठी पुढील मार्गदर्शन आहे.

आधी हंगाम समजून घ्यावा. जिल्ह्याचा सरासरी वार्षिक पाऊस साडेसहाशे मिलिमीटरच्या आसपास. सरासरी असल्यामुळे तेवढा तो सहसा पडत नाही. निम्मा पडतो, नाहीतर महिन्याचा एका रात्रीत पडतो. २०१६ साली केज तालुक्यातले धनेगावचे मांजरा धरण आटले आणि लातूरकरांसाठी एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. पहिल्या गाडीला दहा वाघिणी होत्या. पाणीच आरक्षण करून माणसांकडे सहलीला आल्याचे हे उदाहरण गाइडने पाठ ठेवावे, पाहुणे खूश होतात. उलट सप्टेंबर २०२५ मध्ये पाणी घरपोच आले आणि आष्टी तालुक्यात माणसे काढायला हेलिकॉप्टर बोलवावे लागले. त्या पुरात जमिनी खरडून गेल्या. पंचनाम्याचे मार्गदर्शन वेगळ्या खात्याकडून मिळते.

या दोन टोकांच्या मध्ये जे उरते तो आपला हंगाम. लोणावळ्याचे बघून जूनमध्येच फलक लावू नये. इकडे मृग दाखवतो आणि पळतो, श्रावण भुरभुरतो, आणि खरे पाणी येते ते गणपतीच्या पुढेमागे. तिथून दसरा-दिवाळीपर्यंत धंदा. त्यानंतर कारखान्यांची धुराडी पेटतात, मुकादमाचा ट्रक गावात येतो, उचल घेतलेली जोडपी कोयते, भांडी आणि लेकरे घेऊन पश्चिम महाराष्ट्राकडे, कर्नाटकाकडे निघतात. जिल्ह्यातला धबधबा आणि माणूस साधारण एकाच सुमाराला जिल्हा सोडतात. गाइडचे स्वतःचे नाव मुकादमाच्या वहीत असेल तर पाहुण्यांकडून आगाऊ बुकिंग घेऊ नये. आगाऊ एकाच ठिकाणाहून घ्यावे.

पाहुणा कोण, हेही ओळखून असावे. तो जहाजातून उतरत नाही, क्रूझरमधून उतरतो, आणि एका क्रूझरमधून किती जण उतरतात हे पाहून कॅरिबियन गाइडलाही घाम फुटेल. बहुतेक जण भोसरी-चाकणला कंपनीत कामाला गेलेली आपलीच माणसे. तिकडे ती 'आमच्या बीडला काही नाही राव' असे म्हणतात आणि इकडे बायकोच्या माहेरच्यांना 'बघा, आमच्याकडं काय काय आहे' म्हणून घेऊन येतात. त्यांची ही दुहेरी अडचण सोडवणे हेच गाइडचे काम. पुरुषांना दाजी म्हणावे, बायकांना ताई, आणि जो वारंवार घड्याळ बघतो त्याला साहेब.

सहलीची सुरुवात सौताड्यापासून करावी. बीडहून नगरकडे जाताना पाटोदा मागे टाकले की जामखेडच्या अलीकडे हे गाव लागते. विंचरणा नदी बालाघाटच्या पठारावरून सावकाश चालत येते आणि सौताड्याला तिच्या पायाखालचा खडकच संपतो. दरीच्या तळाशी रामेश्वराचे मंदिर आहे आणि खाली जायला पायऱ्या आहेत. पायऱ्या उतरताना प्रत्येक पाहुणा आनंदी असतो. त्याच पायऱ्या पुन्हा चढायच्या आहेत ही माहिती गाइडने मंदिरात दर्शन होईपर्यंत राखून ठेवावी.

धबधबा चालू असेल तर गाइडला काही काम नसते. पाणी आपले आपण पडते, लेकरे ओरडतात, भजी संपतात. गाइडची परीक्षा पाणी नसते तेव्हा. समोर काळा, सरळ कडा. मधोमध शेवाळाचा एक हिरवट पट्टा. पट्ट्याच्या खालच्या टोकाला एक थेंब जमतो, जड होतो, पडू की नको करतो आणि पडतो. एवढ्या ऐवजावर पन्नास-साठ किलोमीटर आलेल्या माणसांचे समाधान करायचे असते. संवादाचा नमुना असा :

'पाणी कुठंय?'

'त्यो काय, त्या पट्ट्यातनं पडतंय बघा.'

'पडतंय कुठं?'

'आत्ता न्हाई, साहेब. काल यायला पाहिजे होतं तुम्ही. काल हितवर तुषार येत होते, बोलल्यालं ऐकू येत नव्हतं.'

'काल' सोडू नये. परवा म्हटले तर अविश्वास वाटतो आणि उद्या म्हटले तर पाहुणा मुक्काम करायची भीती असते. 'काल'मुळे दोष पाण्याकडे न राहता पाहुण्याकडे जातो, आणि त्याच्या बायकोला घरी जाताना बोलायला विषय मिळतो. यापुढची पायरी मोबाइलवरच्या व्हिडिओची. मागच्या भादव्यात काढलेला व्हिडिओ आवाज मोठा करून कड्यासमोर धरावा. काही पाहुणे त्याच्याबरोबर सेल्फी घेतात, घेऊ द्यावी.

पाणी थोडे असेल तेव्हा त्याचे मापनही पाहुण्यासमोर आत्मविश्वासाने करावे. करंगळीएवढी धार, मनगटाएवढी, मांडीएवढी, आणि त्यापुढे 'लई दणका'. क्युसेक वगैरे शब्द धरणावरच्या कर्मचाऱ्यांसाठी सोडून द्यावेत.

पाटोदा तालुक्यातच नायगावचे मयूर अभयारण्य आहे. मोर दिसला तर तो मोफत दाखवावा.

कपिलधार मांजरसुंब्याजवळ. हे मन्मथस्वामींच्या समाधीचे ठिकाण, लिंगायत समाजाचे मोठे तीर्थ. कार्तिकी पौर्णिमेला लांबलांबून दिंड्या येतात. इथल्या धारेखाली उभी राहिलेली माणसे सहलीला आलेली नसतात. त्यांना 'जरा बाजूला व्हा, रील काढायचंय' म्हणणाऱ्या पाहुण्याला गाइडने आधी गाडीत नेऊन बसवावे आणि मग काय बोलायचे ते बोलावे. कॅरिबियनमध्ये ही अडचण येत असेल असे वाटत नाही; तिथल्या धबधब्याखाली कोणी 'गुरुराज माउली' म्हणत उभे नसते.

यानंतर चादर. बीडजवळ पालीला बिंदुसरेवर धरण आहे. ते भरले की सांडव्यावरून पाणी रुंद, पातळ, अखंड उतरते, आणि 'चादर पडली' ही बातमी शहरात पोचायला तासही लागत नाही. दुकानाचे शटर अर्धे ओढून माणसे दुचाकीवर सहकुटुंब निघतात. मुंबईकराला समुद्राचेही एवढे कौतुक नसते. इथे गाइडने वाट दाखवायची गरज नाही, वाट वाहनांनी भरलेली असते; त्याने फक्त जलपूजनाचा कार्यक्रम समजावून द्यावा. धरण भरले की नदीची ओटी भरायला पुढारी येतात. साडी, चोळी, नारळ, हळदकुंकू, कॅमेरे. एका गटाचे पूजन झाले की दुसऱ्या गटाचे होते, कारण पहिल्या गटाने पूजलेले पाणी तोवर वाहून गेलेले असते. धरण कोणामुळे भरले या विषयावर दोन्हीकडची भाषणे ऐकून पावसाने तोंड उघडले नाही, हा त्याचा मोठेपणा.

पाहुण्याने विचारले की जिल्ह्यातले पाणी जाते कुठे, तर मांजरा नदीची गोष्ट सांगावी. ती पाटोदा तालुक्यात डोंगरात उगम पावते आणि लातूरकडून खाली तेलंगणात जाते. तिथल्या सिंगूर धरणातून हैदराबादने आपल्या नळांना पाणी घेतले. पाटोद्याच्या बाया मात्र उन्हाळ्यात टँकरची वाट बघतात. ही गोष्ट जेवणाआधी सांगू नये.

जेवण म्हणजे धपाटे, दही, शेंगदाण्याची चटणी आणि ठेचा. ते पाहुण्यांनी घरूनच आणलेले असते आणि गाइडला आग्रहाने मिळते, म्हणून गाइडने डबा आणू नये.

सुरक्षेच्या बाबतीत मात्र चेष्टा बंद. पाणी एकाएकी गढूळ झाले, त्यात पाला-काटक्या दिसू लागल्या, आवाज बदलला, तर वर पठारावर कुठेतरी पाऊस झाला आहे. डोक्यावर लख्ख ऊन असले तरी सगळ्यांना बाहेर काढावे. सेल्फी अर्धवट राहिली तर राहू द्यावी. शेवाळलेल्या खडकावर नव्या बुटापेक्षा अनवाणी पाय बरा, आणि त्याहून बरे म्हणजे तिथे न जाणे. ज्याच्या गाडीच्या डिकीत बाटल्या किणकिणतात त्याला फक्त दर्शन घडवावे, स्नान नाही. शेततळ्यात कोणालाही उतरू देऊ नये. निळे, स्वच्छ, चौकोनी पाणी बघून शहरी पाहुण्याला स्विमिंग पूल आठवतो; पण तळाला आणि उताराला प्लास्टिकचा कागद असतो, तो ओला झाला की त्यावर ना हात ठरतो ना पाय, आणि चांगला पोहणारा माणूससुद्धा काठापासून हातभरावर दमून बुडतो. आत सोडलेला दोर नसेल तर कुंपणाबाहेरूनच परत फिरावे.

आता खरे डुंबणे. यासाठी विहीर. (बीडची खजाना विहीर नव्हे. ती निजामशाहीच्या काळातली, बघण्याची आहे. तिच्यात मुटका मारणे पर्यटनात बसत नाही.) शोधावी ती शिवारातली जुनी, दगडी बांधाची, पायऱ्यांची, मोटेच्या काळातली विहीर. मोट गेली, थारोळे कोरडे पडले, पण काठावर करंजाचे नाहीतर उंबराचे झाड असते आणि पावसाळ्यानंतर पाणी पायरीला लागते.

विहिरीला तिकीट नसते, म्हणून परवानगी फार काळजीपूर्वक घ्यावी लागते. विहीर बहुधा सामाईक असते. आजोबांची एक विहीर, वाटण्या होता होता पाच घरांची झालेली. प्रत्येकाची पाणी उपसायची पाळी ठरलेली. ज्याची आज पाळी त्यालाच विचारावे. चुकून दुसऱ्या भावाला विचारले आणि त्याने मोठ्या मनाने 'पव्हा की' म्हटले, तर पहिला भाऊ पाहुण्यांना काही म्हणत नाही. तो त्या भावाला म्हणतो, आणि डुंबायला आलेली मंडळी तलाठ्याच्या दप्तरात साक्षीदार म्हणून नोंदली जातात. मालक पैसे घेत नाही. त्याऐवजी तो बांधाच्या दाव्याची हकिकत सांगतो, ती पहिल्या तारखेपासून ऐकावी लागते. हे शुल्क गाइडने स्वतः भरावे.

मालक हो म्हणाला की गाइडने आधी स्टार्टरच्या पेटीकडे जाऊन मोटारीचा फ्यूज काढावा आणि स्वतःच्या खिशात ठेवावा. पेटीवर ठेवू नये, मालकाच्या हातात देऊ नये. पाण्यात सोडलेल्या मोटारीची वायर कुठे सोलली आहे हे विहीर सांगत नाही.

लाइफ जॅकेटच्या जागी पत्र्याचा हवाबंद डबा, वाळलेला भोपळा किंवा ट्रॅक्टरची ट्यूब. डबा पाठीला दोरीने बांधतात. गाठ आवळणारा माणूस आणि मुलगा यांच्यात त्या वेळी जे बोलणे होते ते असे : 'घट्ट हाय ना बापू?' 'हाय.' 'सुटणार न्हाई ना?' आणि याचे उत्तर यायच्या आत पाठीमागून धक्का बसतो. पोहणे शिकवण्याची ही पद्धत जुनी आहे आणि तिच्यात प्रमाणपत्र देत नाहीत. नंतर डबा सुटतो, सूर येतो, मुटका येतो. मुटक्याने काठावरचा माणूस भिजला पाहिजे, नाहीतर तो मोजत नाहीत. शेवटची परीक्षा तळाची : बुडी मारून खालचा गाळ मुठीत आणून दाखवायचा. वर येताना मूठ घट्ट धरलेली, डोळे लाल, आणि बोटांतून काळा चिखल ओघळतोय, असा पोरगा दिसला की तो पास. कंपनीत सुपरवायझर झालेला पाहुणाही इथे एकदा चौफेर बघून बुडी मारतो. मूठ रिकामी निघाली तर गाइडने दुसरीकडे बघावे.

स्त्रियांनी काठावर बसून डबे आणि मोबाइल सांभाळावेत अशी वहिवाट आहे. वहिवाट कोणी पाडली, हे ज्यांनी कधी डबे सांभाळले नाहीत त्यांना विचारावे. मालकाची नववीतली मुलगी मात्र पाहुणे यायच्या आधी सकाळीच दोन सूर मारून शाळेत गेलेली असते. तिला गाइड नेमले तर हे मार्गदर्शन छापायचे कारण उरणार नाही, म्हणून ही सूचना इथेच थांबवतो.

परतीची वेळ जाहिरातीत छापू नये. ती गाइड ठरवत नाही, पाहुणाही नाही. शेतीपंपाची थ्री-फेज लाईट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री असते, आणि दिवसाच्या आठवड्यातही मध्येच जाते, येते. सगळे पाण्यात रमलेले असतात, ट्यूबवर ताई पहिल्यांदाच तरंगायला शिकत असतात, आणि कोठ्यावरून आरोळी येते, 'लाईट आली! निघा बाहीर!' मालक पेटीशी येतो आणि काही न बोलता हात पुढे करतो. खिशातला फ्यूज त्याच्या हातावर ठेवावा, आत कोणी उरले नाही ना ते डोकी मोजून बघावे. डोकी एकदा मोजून पुरत नाहीत, दोनदा मोजावीत. मोटार खाकरते, पाइपातून पाण्याचा पहिला लाल फवारा कपाशीच्या सरीत पडतो, आणि विहिरीतली एकेक पायरी उघडी पडू लागते.

ओल्या अंगाने उभ्या असलेल्या पाहुण्यांचे पैसे वसूल झाले नाहीत असे वाटले, तर मालकच त्यांना सांगतो : 'पुढच्या हप्त्यात या, दाजी. रातची लाईट हाय. दिसभर पव्हा.'