शेंगेतला आशिक, ओट्याखालचा जर्मन

आमच्या हुमनाबादेत ट्यूबलाइटवर पतंग आपटला की कुणीतरी हमखास हळहळतं. इकडच्या कानांना उर्दू शायरीची जुनी सवय. शमा आणि परवाना म्हटलं की आडतीत बसलेला माणूसही मान डोलावतो. झुरळ दिसलं की तोच माणूस चप्पल शोधतो. झुरळावर शेर लिहिल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही.

हा पक्षपात मला पटत नाही. दिवाळी उलटून तूर फुलावर आली की दिव्याशी घुटमळणारा मातकट पतंग पुष्कळदा घाटेअळीचा असतो. शास्त्रातलं नाव हेलिकोव्हर्पा आर्मिजेरा. दिव्यावर जीव ओवाळायला येण्याआधी मादीबाई तुरीच्या कळ्याफुलांवर एकेक करत शेकड्यांनी अंडी घालून मोकळ्या झालेल्या असतात. पोरं शेंगेत डोकं खुपसतात आणि अर्धं अंग बाहेर ठेवून जेवतात. पंगतीला बसायची ही काय रीत! मग शेतकरी कामगंध सापळे लावतो (आत मादीच्या वासाची गोळी, बाहेर नरांची झुंबड), निंबोळी अर्क फवारतो, आणि तरीही आवरलं नाही तर ताडपत्री अंथरून तुरीची झाडं गदागदा हलवतो. कलबुर्गीच्या तुरीला 2019 साली भौगोलिक मानांकन मिळालं. अळीनं त्याची वाट पाहिली नव्हती.

झुरळ बिचारं सांडलेलं-उरलेलं खातं. मानेमागे दोन काळे पट्टे असलेलं ते छोटं तपकिरी झुरळ जीवांना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसनं 1767 साली जर्मन ठरवलं. 2024 मध्ये जनुकं तपासली, तर ते निघालं भारत-म्यानमारकडचं. आशियाई झुरळापासून सुमारे 2100 वर्षांपूर्वी वेगळं झालेलं. म्हणजे दख्खनेत सातवाहन होते तेव्हा! पुढे व्यापाऱ्यांच्या सामानातून ते पश्चिमेला गेलं, आणि जर्मन होऊन परत आमच्याच ओट्याखाली आलं.

हे मी अक्काला ऐकवलं. म्हणाली, "घरचंच आहे म्हणतोस? मग तर दोन जास्तच हाणते."

या झुरळाची एक गोष्ट मात्र काकांना सांगायची सोय नाही. विषाच्या आमिषात ग्लुकोज असतं, म्हणून अमेरिकेतल्या काही झुरळांच्या वंशात ते गोड ग्लुकोजच कडू लागायला लागलं. आमिषाकडे ती ढुंकून बघत नाहीत. काकांना मधुमेह आहे, डॉक्टरांनी तीनदा बजावलंय, आणि माणिकनगरच्या देवळातून येताना खिशात पेढे असतात. विचारलं तर म्हणतात, प्रसादाला साखर मोजत नाहीत.