तंबूप्रमुख

तंबूप्रमुख हा चाळिशीच्या आसपासचा, शहरात राहणारा, दोन मुलांचा बाप आणि सत्तरी ओलांडलेल्या आईवडिलांचा मुलगा असतो. वर्षातले अकरा महिने तो ओळखू येत नाही. वाकडच्या किंवा ठाण्याच्या एखाद्या सोसायटीत चौदाव्या मजल्यावर राहतो, लिफ्ट बंद पडली की सचिवाला फोन करतो. मे महिन्यात मात्र आपल्या मुलांचे बालपण वाया चालल्याचा साक्षात्कार त्याला होतो आणि तो घरच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर एक तक्ता टाकतो. तक्त्यात सामानाच्या बावन्न नोंदी असतात. त्याखाली आजोबा नेहमीप्रमाणे गुलाबाच्या फुलासह ‘सुप्रभात’ पाठवतात. ही त्यांची संमती धरली जाते.

मुलांना मातीत बसता आले पाहिजे, कंदिलाच्या उजेडात जेवता आले पाहिजे, उघड्यावर झोपता आले पाहिजे, असे तंबूप्रमुखाचे म्हणणे असते. आजोबांचे बालपण नेमके हेच करण्यात गेलेले असते. त्यातून सुटका व्हावी म्हणून त्यांनी चौतीस वर्षे नोकरी केली आणि कर्ज काढून दोन खोल्यांचा ब्लॉक घेतला. ज्या गोष्टी टळाव्यात म्हणून बापाने हप्ते फेडले, त्याच मिळाव्यात म्हणून मुलगा माणशी दर भरतो. यावर आजोबा काही बोलत नाहीत. गाडीत बसल्यावर एकदाच विचारतात, “तिथे कमोड आहे ना रे?”

या जमातीचा आवडता मुक्काम भंडारदरा. पवना धरणाचा काठ जवळ पडतो, पण तिथे शेजारच्या तंबूतले स्पीकर रात्री दोनपर्यंत निसर्गाचा आनंद घेत असतात. अकोले तालुक्यातल्या भंडारदऱ्याला मेअखेर ते जूनच्या मध्यापर्यंत काजवे चमकतात आणि शाळाही जूनच्या मध्यालाच उघडतात. त्यामुळे मुहूर्त निवडावा लागत नाही. प्रवरेवरचे विल्सन धरण 1926 साली पुरे झाले, ही माहिती तंबूप्रमुख घाटात सांगतो, तेव्हा धाकट्याला मळमळत असते. कळसूबाईची उंची 1646 मीटर आहे हे सांगेपर्यंत त्याला उलटी झालेली असते. आजीच्या कमरेच्या पिशवीतून आवळासुपारी निघते. तक्त्यात ती नसते.

आजीचे सामान हा स्वतंत्र विषय आहे. तक्त्यानुसार जेवणाची जबाबदारी तळावरच्या चुलीवर सोपवलेली असते, तरी आजी दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, दाण्याची चटणी आणि गुळांबा घेतेच. दशमी पाण्याऐवजी दुधात भिजवलेली असल्याने मऊ राहते आणि प्रवासात टिकते. ती करणाऱ्या बायकांना यामागचे शास्त्र विचारले तर “असंच करतात” एवढेच उत्तर मिळते. तंबूप्रमुख हे डबे पाहून “आई, आपण कॅम्पिंगला चाललोय” म्हणतो. संगमनेरच्या अलीकडे पहिला डबा उघडतो आणि पहिली दशमी त्याचीच असते.

जाहिरातीत तळ्याकाठी असलेला मुक्काम प्रत्यक्षात तळ्याकाठी नसतो, आणि त्यात कुणाची लबाडीही नसते. पावसाळ्याच्या तोंडावर धरणातले पाणी खाली गेलेले असते, त्यामुळे काठ तिथेच राहतो आणि तळे दूर जाते. मधल्या भेगाळलेल्या गाळात मुले तासाभरात इतकी रंगतात, की ओळखण्यासाठी आवाजाचाच आधार उरतो. निसर्गाचा हा भाग सर्वात यशस्वी होतो. तो तक्त्यात नव्हता.

तळावर तंबू उभारूनच दिलेले असतात. तंबूप्रमुखाला ते चालत नाही, कारण त्याने स्वतःचा आणलेला असतो. हा घुमटाकार तंबू दोन लवचीक काड्यांवर उभा राहतो. काड्या कापडाच्या नळ्यांतून कर्णाकर्णी ओवायच्या, टोके चार कोपऱ्यांत अडकवायची, की त्या वाकतात आणि कापड ताणून वर उचलतात. व्हिडिओत याला तीन मिनिटे लागतात. खडकाळ जमिनीत मेख शिरत नाही हे त्या व्हिडिओत नसते. चाळीस मिनिटांनी तळावरचा पोरगा चार धोंडे आणून कोपऱ्यांवर ठेवतो आणि काही न बोलता निघून जातो. पिशवीवर ‘चार माणसांसाठी’ असे छापलेले असते. ही माणसे उशी, पाण्याची बाटली आणि गुडघेदुखी यांशिवाय आलेली असावीत असे कारखान्याने गृहीत धरलेले दिसते. आजोबा वाकून आत डोकावतात आणि बाहेर खुर्ची मागवतात. गिर्यारोहणाच्या दोरीवर एव्हाना मुलांचे कपडे वाळत असतात.

काजवे पाहणे हा सहलीचा गाभा, आणि तंबूप्रमुखाच्या खऱ्या स्वभावाची परीक्षाही. काजव्याच्या पोटात ल्युसिफेरिन नावाचे द्रव्य असते. त्याचा प्राणवायूशी संयोग झाला की उजेड पडतो, उष्णता जवळजवळ नाही. नर हा उजेड लुकलुकवून मादीला साद घालतो. अळीच्या रूपात तो कित्येक महिने गोगलगायी खात काढतो आणि पंख फुटल्यावर जेमतेम काही आठवडे जगतो. ही सगळी माहिती तंबूप्रमुख हिरड्याच्या झाडाखाली उभा राहून मुलांना देतो. माहिती अचूक असते. अडचण एवढीच, की त्याच्या कपाळावरचा दिवा चालू असतो आणि उजेडात काजवे मिणमिणायचे थांबतात. “अरे, आधी ती कपाळावरची बत्ती विझव,” असे आजी म्हणते. मग अख्खे झाड एका लयीत पेटते-विझते, आणि दिवसभर ‘रेंज कधी येणार’ विचारणारी थोरली पाच मिनिटे काहीच विचारत नाही. तंबूप्रमुख फोटो काढतो. फोटोत काळोख येतो.

तंबूच्या जाळीवर पाणी अडवणारे वरचे कापड घालायचे असते. तारे दिसावेत म्हणून तंबूप्रमुख ते घालत नाही. मेच्या शेवटी दुपारच्या उकाड्यानंतर वळीव येतो हे आजोबांनी संध्याकाळी पश्चिमेकडे बघून सांगितलेले असते, परंतु हवामानाच्या अ‍ॅपवर सूर्य असतो. रात्री एकच्या सुमाराला निर्णय लागतो. उशा आणि मुले उचलून सगळे यजमानाच्या पडवीत येतात. तिथे सतरंजी अंथरली जाते, घोंगडी मिळते, आणि सात-आठ जण ओळीने आडवे होतात. कौलांवरचा पाऊस ऐकत आजोबा लहानपणी असेच झोपताना पायावरून गेलेल्या विंचवाची गोष्ट सांगतात. मुले घाबरून आणखी मागतात. सून पहिल्यांदाच पाठ टेकते. पुढे शाळेत ‘माझी सुट्टी’ या निबंधात कॅम्पिंग म्हणून जे उतरते ते या पडवीतले. तंबूला त्यात अर्धी ओळ मिळते.

सकाळी तंबूप्रमुख भाकरीपिठले खाताना ‘पुढच्या वर्षी मोठा तंबू’ म्हणतो. हा वर्षातला त्याचा शेवटचा सक्रिय क्षण. मग ओला, चिखलाळ तंबू पिशवीत घालायची वेळ येते. तो मूळ घड्या शोधतो, व्हिडिओ शोधतो, रेंज शोधतो. आजोबा थोडा वेळ पाहतात. त्यांच्या पिढीने मुंबई-नागपूर प्रवास होल्डॉल बांधून केलेले असतात. ते कापड लांबट पसरतात, कडा आत घेतात, धड असलेला गुडघा त्यावर रोवतात आणि हवा काढत काढत वळकटी करतात. वर गिर्यारोहणाच्या दोरीचे दोन वेढे बसतात. पिशवीत तंबू जातो आणि शेजारी आजीच्या रिकाम्या डब्यांनाही जागा उरते.